दुवाबांधणी (ऑनलाइन दुकाने)

दुवाबांधणी म्हणजे आपल्या संकेतस्थळाकडे नेणारे दुवे इतरांच्या संकेतस्थळांवर मिळवण्याचा जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न होय. शोधयंत्र अनुकूलन, म्हणजे व्यवहारात ज्यास ‘एसईओ’ म्हटले जाते, त्या कामाचा हा एक प्रमुख भाग आहे. गूगल, बिंग यांसारखी शोधयंत्रे एखाद्या पृष्ठाचे महत्त्व ठरवताना त्याकडे कोण निर्देश करते हे पाहतात. त्यामुळे दुवा हा वाचकाला वाट दाखवतो, तसाच तो त्या पृष्ठाच्या बाजूने दिलेली साक्षही ठरतो. ऑनलाइन दुकानांच्या बाबतीत या साक्षीला थेट पैशाचे मोल येते. शोधाच्या पहिल्या पृष्ठावर जागा मिळालेल्या दुकानाकडे जाहिरातीचा खर्च न करता ग्राहक येतो आणि ती जागा गेली की तो ओघही आटतो. साक्ष विकत घेण्याचा मोह आणि अशी साक्ष ओळखून ती बाद करण्याचे शोधयंत्रांचे प्रयत्न यांतून या विषयाचा आजवरचा इतिहास घडला आहे.

उगम

१९९०च्या दशकातील शोधयंत्रे प्रामुख्याने पृष्ठावरील शब्दांवर अवलंबून असत. ज्या पृष्ठावर ‘बूट’ हा शब्द अधिक वेळा येई, ते पृष्ठ बुटांविषयीच्या शोधात वर येण्याची शक्यता अधिक असे. याचा फायदा घेणे सोपे होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवण्याची युक्ती त्या काळी सर्रास वापरली जाई. दुकानदार स्वतःविषयी काय म्हणतो यावर विसंबून क्रमवारी लावता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थी लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीने हा प्रश्न उलट बाजूने हाताळला. पृष्ठ स्वतःविषयी काय सांगते यापेक्षा इतर पृष्ठे त्याच्याकडे किती निर्देश करतात, याला तिने महत्त्व दिले. या कल्पनेचे मूळ ग्रंथालयशास्त्रात आहे. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला, यावरून त्याचा प्रभाव मोजण्याची पद्धत यूजीन गारफिल्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’मुळे १९६०च्या दशकापासून रूढ झाली होती.

पेजरँकमध्ये सर्व दुव्यांचे वजन सारखे नसते. ज्या पृष्ठाला स्वतःला अनेक दुवे मिळालेले आहेत, त्याने दिलेल्या दुव्याचे वजन जास्त असते. शिवाय प्रत्येक पृष्ठ आपले वजन बाहेर जाणाऱ्या दुव्यांमध्ये वाटून टाकते. एखाद्या पृष्ठावर चार दुवे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला चौथा हिस्सा येतो, चारशे असतील तर चारशेवा. मूळ निबंधात यासाठी एका काल्पनिक वाचकाचे चित्र वापरले आहे. हा वाचक समोरच्या पृष्ठावरील कोणत्याही दुव्यावर टिचकी मारत पुढे जातो आणि अधूनमधून कंटाळून भलत्याच पृष्ठापासून पुन्हा सुरुवात करतो. दीर्घ काळात तो ज्या पृष्ठावर अधिक वेळा पोहोचेल, ते पृष्ठ महत्त्वाचे. दुवा पाळत पुढे जाण्याची शक्यता साधारणतः ०.८५ धरली जाते.

दुव्याच्या वजनाबरोबरच त्याचा मजकूरही, म्हणजे ज्या शब्दांवर टिचकी मारायची ते शब्दही, शोधयंत्र वाचते. अनेक पृष्ठांनी ‘लोखंडी तवा’ या शब्दांवरून एकाच दुकानाकडे दुवा दिला, तर ते दुकान लोखंडी तव्यांसाठी ओळखले जात असावे असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष प्रामाणिक दुव्यांच्या बाबतीत बहुधा बरोबर असतो. दुवेविक्रीच्या बाजारात मात्र नेमका हाच मजकूर ग्राहकाच्या मागणीप्रमाणे लिहून दिला जाऊ लागला.

दुकानांची विशिष्ट अडचण

वृत्तपत्रे, विद्यापीठे किंवा ज्ञानकोश यांना न मागताही दुवे मिळतात, कारण लोक त्यांचा आधार म्हणून उल्लेख करतात. विक्रीच्या पृष्ठाचे तसे नसते. एका विशिष्ट मिक्सरच्या पृष्ठाकडे कोणी आपणहून दुवा देण्याचे फारसे कारण नसते. त्या पृष्ठावरील वर्णनही बहुधा उत्पादकाने पुरवलेले असते व तेच वर्णन आणखी शंभर दुकानांत शब्दशः आढळते. ज्या पृष्ठांतून उत्पन्न मिळते त्यांनाच दुवे मिळत नाहीत, हा ऑनलाइन व्यापाराचा मूलभूत पेच आहे. दुवे विकत घेण्याकडे दुकाने इतरांपेक्षा अधिक का वळली, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथेच आहे.

या पेचातून निघण्याचा सरळ मार्ग म्हणजे दुवा द्यावासा वाटेल असे काही तरी दुकानात असणे. येवल्यातील एखाद्या विणकराने पैठणी विकण्यासाठी संकेतस्थळ काढले, तर साड्यांच्या किंमतपत्रकाकडे कोणी दुवा देणार नाही. परंतु हातमागावरील पैठणीच्या काठ-पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी कशी दिसते आणि यंत्रमागावरील नकलेत उलट बाजूस सुटे धागे का राहतात, हे छायाचित्रांसह समजावणारे पृष्ठ त्याने तयार केले, तर ग्राहक-मार्गदर्शक, वस्त्रविषयक लेखक व पत्रकार त्याचा उल्लेख करू शकतात. त्या पृष्ठाला मिळालेले वजन मग संकेतस्थळातील अंतर्गत दुव्यांवाटे विक्रीच्या पृष्ठांपर्यंत पोहोचते. असे लेखन करण्यासाठी विषयाचे ज्ञान लागते. विणकरापाशी ते असते, केवळ मध्यस्थ असलेल्या विक्रेत्यापाशी ते असेलच असे नाही.

मिळालेले दुवे टिकवणे हे तितकेच महत्त्वाचे, पण दुर्लक्षित काम आहे. हापूस आंबा विकणारे दुकान दर हंगामात नव्या पत्त्यावर नवे पृष्ठ काढत असेल आणि पावसाळा लागताच जुने पुसून टाकत असेल, तर मागील वर्षी कोणी दिलेले दुवे रिकाम्या जागेकडे बोट दाखवत राहतात. पत्ता तोच ठेवून हंगामाबाहेर त्यावर पुढील हंगामाची माहिती दिल्यास वर्षानुवर्षांचे दुवे एकाच पृष्ठावर साचत जातात. माल कायमचा बंद झाला असेल, तर त्याच्या पत्त्यावरून जवळच्या पर्यायाकडे कायमस्वरूपी पुनर्निर्देशन करता येते. तांत्रिक परिभाषेत यास ‘३०१’ म्हणतात. मात्र बंद झालेली सर्व पृष्ठे सरसकट मुखपृष्ठाकडे वळवण्याचा उपयोग होत नाही, कारण शोधयंत्रे अशा पुनर्निर्देशनाला पृष्ठ उपलब्ध नसल्याप्रमाणेच वागवतात.

दुकानांच्या रचनेतून उद्भवणारी आणखी एक अडचण म्हणजे पत्त्यांचा स्फोट. एका विभागात सहा रंग, पाच मापे व चार किंमतगट निवडण्याची सोय असेल आणि प्रत्येक बाबतीत ‘निवड नाही’ हाही पर्याय असेल, तर ७ × ६ × ५ म्हणजे २१० संयोग होतात. मांडणीचे तीन क्रम धरल्यास एकाच विभागाचे ६३० पत्ते तयार होतात व त्यांवरील माल बहुतांशी तोच असतो. शोधयंत्राचा क्रॉलर, म्हणजे पृष्ठे गोळा करत फिरणारी आज्ञावली, अशा पत्त्यांत अडकून पडतो आणि बाहेरून आलेले दुवेही त्यांत विखुरले जातात. यांपैकी मूळ पृष्ठ कोणते हे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ ही खूण गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये स्वीकारली. दुवे मिळवण्याच्या खटपटीआधी दुकानाने हे घर आवरणे इष्ट ठरते. ते दुवे विकणाऱ्या सल्लागारांकडून क्वचितच सुचवले जाते.

मराठी ग्राहकांसाठी चालणाऱ्या दुकानांपुढे लिपीचाही प्रश्न असतो. तीच वस्तू कोणी देवनागरीत शोधतो, कोणी रोमन अक्षरांत, आणि रोमन अक्षरांतही वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षरे प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने उतरवतो.

दुव्यांचा बाजार

गूगलने २०००च्या अखेरीस ब्राउझरसाठी जी साधनपट्टी उपलब्ध केली, तीत कोणत्याही पृष्ठाचा पेजरँक शून्य ते दहा या मोजपट्टीवर दिसत असे. याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. साक्षीचे वजन सर्वांना दिसू लागल्याने तिची किंमत ठरवणे शक्य झाले आणि सहा किंवा सात गुणांच्या पृष्ठावरील दुव्याचे दर उघडपणे सांगितले जाऊ लागले. गूगलने हे गुण जाहीरपणे दाखवणे २०१६ मध्ये बंद केले, तोपर्यंत बाजार पुरता स्थिरावला होता.

या बाजारात अनेक प्रकार आढळतात. केवळ दुव्यांसाठी काढलेल्या सूची, परस्परांना दुवे देण्याचे करार, अनुदिनींच्या प्रतिसादांत पेरलेले दुवे, एकाच मालकाच्या पण स्वतंत्र भासणाऱ्या संकेतस्थळांची जाळी, पाहुणा लेखक म्हणून लिहिलेले पोकळ लेख, तसेच मुदत संपलेले जुने डोमेन विकत घेऊन त्याच्या पुण्याईवर दुकान थाटणे, हे त्यांपैकी काही. पैशाऐवजी फुकट माल देऊन मिळवलेला दुवाही गूगलच्या नियमांनुसार विकत घेतलेलाच मानला जातो.

प्रतिसादांतील दुव्यांचा उपद्रव वाढल्यावर गूगल, याहू व एमएसएन यांनी जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. ही खूण असलेला दुवा वाचकासाठी नेहमीप्रमाणे चालतो, पण शोधयंत्राने त्याला साक्ष समजू नये असा त्याचा अर्थ होतो. इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ पासून आपल्या सर्व बाह्य दुव्यांना ही खूण लावली, कारण ज्ञानकोशातील लेखांचे ‘बाह्य दुवे’ हे विभाग दुकानांच्या जाहिरातींनी भरू लागले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये गूगलने मोबदला घेऊन दिलेल्या दुव्यांसाठी ‘स्पॉन्सर्ड’ आणि वापरकर्त्यांनी लिहिलेल्या मजकुरातील दुव्यांसाठी ‘यूजीसी’ अशा दोन खुणा आणखी सुरू केल्या. जाहिरात म्हणून दुवा विकत घेण्यास शोधयंत्रांची हरकत नसते. तो जाहिरात आहे हे लपवून क्रमवारी मिळवण्यास असते.

जे. सी. पेनी प्रकरण

दुवे विकत घेण्याचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीच्या प्रकरणातून सर्वप्रथम व्यापक प्रमाणावर लोकांपुढे आले. २०१०च्या नाताळच्या खरेदी हंगामात कपडे, चादरी, गालिचे, टेबलक्लॉथ, घरसजावट अशा अगदी सामान्य शब्दांच्या शोधात हे दुकान गूगलवर पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर दिसत होते. ‘सॅमसोनाइट’ या नाममुद्रेच्या प्रवासी बॅगांच्या शोधात तर ते स्वतः उत्पादकाच्याही वर होते.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १२ फेब्रुवारी २०११ रोजी याचा उलगडा प्रसिद्ध केला. वृत्तपत्राने नेमलेल्या तज्ज्ञाला कपड्यांविषयीच्या शोधशब्दांवरून पेनीकडे दुवे देणारी २,०१५ पृष्ठे आढळली. मासेमारी, दंतवैद्यक, घोरणे, विनोद, कॅमेरे अशा विषयांच्या संकेतस्थळांवर हे दुवे होते, आणि कित्येक संकेतस्थळे तर दुव्यांखेरीज जवळजवळ रिकामीच होती. माणसाने पाहिले असते तर ही विसंगती क्षणात ध्यानात आली असती. अल्गोरिदमने ती अनेक महिने साक्ष म्हणून स्वीकारली.

वृत्तपत्राने विचारणा केल्यावर गूगलने दुकानाच्या क्रमवारीत हस्तक्षेप केला. टाइम्सने पाहणी केलेल्या ५९ शोधशब्दांसाठी १ फेब्रुवारी रोजी पेनीचे सरासरी स्थान १.३ होते, १० फेब्रुवारीला ते ५२ झाले. या दुव्यांना आपण संमती दिली नव्हती, असे सांगून कंपनीने आपल्या शोधविषयक सल्लागार संस्थेशी संबंध तोडले. सुमारे तीन महिन्यांनी तिचे स्थान बऱ्याच अंशी पूर्ववत झाले.

या प्रकरणाने गूगलपुढेही अडचणीचे प्रश्न उभे केले. पेनीचे नियमभंग कंपनीच्या ध्यानात यापूर्वीही आले होते, तरीही नाताळच्या संपूर्ण हंगामात दुकान अग्रस्थानी राहिले होते. शिवाय पेनी ही गूगलची मोठी जाहिरातदार होती. जाहिरातींच्या उत्पन्नाचा शोधाच्या निकालांवर परिणाम होत नाही, असे गूगलच्या स्पॅमविरोधी विभागाचे तत्कालीन प्रमुख मॅट कट्स यांनी सांगितले. परंतु कारवाई वृत्तपत्राच्या विचारणेनंतर झाली, ही बाब टीकाकारांच्या नजरेतून सुटली नाही. त्या हंगामात पहिल्या पृष्ठावरून खाली ढकलल्या गेलेल्या दुकानांना मात्र कोणतीही भरपाई मिळण्याची तरतूद नव्हती व आजही नाही. शोधातील क्रमांक ही कोणाची मालमत्ता नसल्याने त्याचे नुकसान मोजायचे कसे आणि मागायचे कोणाकडे, हा प्रश्न अनुत्तरितच राहतो.

त्याच महिन्यात ओव्हरस्टॉक या अमेरिकी ऑनलाइन दुकानावरही कारवाई झाली. त्याने महाविद्यालयांतील विद्यार्थी व कर्मचाऱ्यांना दहा टक्के सवलत देऊ केली होती, आणि त्याबदल्यात महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर ठरावीक शब्दांचे दुवे मागितले होते. ही कारवाई सुमारे दोन महिने टिकली. फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनमधील इंटरफ्लोरा ही फुले पोहोचवणारी कंपनी स्वतःच्या नावाच्या शोधातूनही दिसेनाशी झाली. तिने प्रादेशिक वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर मोठ्या संख्येने जाहिरातवजा लेख दुव्यांसह छापून आणले होते. ती दोन आठवड्यांच्या आत परतली, त्यामुळे तेथील मातृदिनाचा फुलांचा हंगाम तिला मिळाला. दुवे विकणाऱ्या वृत्तपत्रांचा पेजरँकही मात्र या वेळी घटवण्यात आला.

वाईट प्रसिद्धीचा फायदा

साक्षीच्या रूपकाची मर्यादा दाखवणारे एक वेगळे प्रकरण त्याआधी, नोव्हेंबर २०१० मध्ये, याच वृत्तपत्राने उजेडात आणले होते. चष्मे विकणाऱ्या ‘डेकोर माय आइज’ या न्यूयॉर्कमधील दुकानाचा मालक ग्राहकांना धमकावत असे. संतापलेले ग्राहक तक्रार-संकेतस्थळांवर लिहीत, त्या लेखनातून दुकानाचा उल्लेख व दुवे वाढत, आणि त्यामुळे आपली क्रमवारी सुधारते असे हा मालक उघडपणे सांगत असे. दुवा निर्देश करतो, पण तो कौतुकाने केला की संतापाने, हे निव्वळ मोजणीतून कळत नाही. वृत्त आल्यानंतर काही दिवसांतच, ग्राहकांना अत्यंत वाईट अनुभव देणाऱ्या दुकानांना खाली नेणारा बदल केल्याचे गूगलने जाहीर केले.

पेंग्विन व नंतरचे बदल

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने ‘पेंग्विन’ हा बदल अमलात आणला. तोपर्यंतच्या कारवाया प्रामुख्याने एकेका संकेतस्थळापुरत्या होत. पेंग्विनने कृत्रिम दुव्यांचे नमुने अल्गोरिदमद्वारे ओळखण्यास सुरुवात केली. त्याचा परिणाम इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर होईल, असे कंपनीने सांगितले होते.

छोट्या दुकानांच्या दृष्टीने हा काळ विशेष कठीण ठरला. अनेकांनी स्वस्त मासिक दरात ‘दुवे पॅकेज’ घेतले होते व सल्लागाराने नेमके काय केले याची त्यांना कल्पना नव्हती. आता तेच दुवे काढून टाकण्यासाठी शेकडो अनोळखी संकेतस्थळचालकांना पत्रे लिहिण्याची वेळ आली. त्यांपैकी काहींनी दुवा काढण्याचेही पैसे मागितले. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने नकोसे दुवे नाकारण्याचे ‘डिसअव्हाउ’ साधन उपलब्ध केल्यावर ही कोंडी काहीशी सुटली. तरीही पेंग्विनची पुढील आवृत्ती येईपर्यंत सुधारणेचा परिणाम दिसत नसे आणि ही प्रतीक्षा कित्येक महिन्यांची असे. मोठ्या कंपन्या जाहिरातींवर खर्च करून हा काळ काढू शकत होत्या, ज्याचे सारे गिऱ्हाईक शोधातूनच येई त्याला ते शक्य नव्हते.

सप्टेंबर २०१६ पासून पेंग्विन सतत चालू राहणाऱ्या मुख्य अल्गोरिदमचा भाग झाला. त्याबरोबर त्याचे धोरणही बदलले. कृत्रिम दुव्यांबद्दल संकेतस्थळाला खाली ढकलण्याऐवजी ते दुवे मोजणीतून वगळण्यावर भर आला. प्रतिस्पर्ध्याच्या नावाने मुद्दाम वाईट दुवे पेरून त्याला अडचणीत आणण्याची भीती यामुळे कमी झाली. डिसेंबर २०२२ पासून दुवे विकत घेणारी व विकणारी संकेतस्थळे ओळखण्यासाठी ‘स्पॅमब्रेन’ ही यंत्रशिक्षणावर आधारित प्रणाली वापरली जाते. असे असले तरी कर्मचाऱ्यांकडून होणारी कारवाई बंद झालेली नाही. तिची सूचना संकेतस्थळाच्या मालकाला ‘सर्च कन्सोल’मध्ये मिळते व दुवे दुरुस्त करून फेरविचाराचा अर्ज करता येतो.

मार्च २०२४ मध्ये जाहीर झालेल्या धोरणाने दुव्यांच्या बाजाराच्या एका नव्या रूपाला हात घातला. प्रतिष्ठित संकेतस्थळे आपल्या पत्त्याखाली त्रयस्थांना सवलत-कूपनांची पृष्ठे चालवू देत होती आणि मूळ संकेतस्थळाच्या लौकिकामुळे ती पृष्ठे वर येत. येथे दुव्याऐवजी सगळी प्रतिष्ठाच भाड्याने दिली जात होती. मे २०२४ पासून अशा पृष्ठांवर कारवाई सुरू झाली.

नियमन

शोधयंत्रांचे दुव्यांविषयीचे नियम हे खासगी कंपन्यांचे नियम आहेत. त्यांचा भंग हा कायद्याने गुन्हा ठरत नाही. खुद्द शोधयंत्राच्या निष्पक्षतेचा प्रश्न मात्र कायद्याच्या कक्षेत आला आहे. आपल्याच खरेदी-तुलना सेवेला शोधनिकालांत झुकते माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने २७ जून २०१७ रोजी गूगलला २.४२ अब्ज युरोंचा दंड केला व युरोपीय न्यायालयाने तो सप्टेंबर २०२४ मध्ये कायम केला.

भारतात ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या बाजारमंचांनी आपल्या यादीतील क्रमवारी कोणत्या मुख्य निकषांवर ठरते, हे सोप्या भाषेत जाहीर करणे बंधनकारक आहे. हा नियम बाजारमंचाच्या स्वतःच्या यादीपुरता आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वस्तूची भलामण करणाऱ्या व्यक्तीचा विक्रेत्याशी असलेला आणि प्रेक्षकांना अपेक्षित नसलेला आर्थिक संबंध उघड करावा लागतो. त्यामुळे एखाद्या दुकानाकडून साडी भेट घेऊन तिच्याविषयी लिहिणाऱ्या व दुकानाकडे दुवा देणाऱ्या लेखकावर दोन स्वतंत्र जबाबदाऱ्या येतात. भेटीची माहिती मजकुरात देणे ही वाचकाप्रति असलेली कायदेशीर जबाबदारी होय. दुव्याला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ ही खूण लावणे शोधयंत्राच्या नियमांनुसार आवश्यक असते आणि ती खूण पृष्ठाच्या संकेतावलीत असल्याने वाचकाला दिसत नाही. एक पार पाडल्याने दुसरी पार पडत नाही.